पॅन्टची कंबर आणि पोटाची कंबर

८ जानेवारी

सकाळी बिनसाखरेचा चहा, एक उकडलेलं अंडं. दुपारी अर्धी वाटी भात, डाळ, काकडी. रात्री डाळ, पुन्हा काकडी.

आहारवाल्या बाईंनी तोंडात जे जे जाईल ते रोज लिहायला सांगितलंय. मी म्हटलं, बाई, मी युनिफॉर्मच्या वर्कशॉपात कटर आहे, कारकून नाही. तर म्हणाल्या, मग कापून लिहा, पण लिहा. त्या हॉस्पिटलात विनोद करणारं कुणीतरी आहे हे बघून जरा बरं वाटलं. आता वही आणलीच आहे तर नुसती काकडी काय लिहायची. बाकीचंही लिहीन म्हणतो. बोलायला घरात कुणाला त्राण नाही.

हिच्या दोन्ही किडन्या गेल्या त्याला आता दोन वर्षं होतील. आठवड्यातून तीनदा मशीनवर. नवी किडनी बसवायची तर रक्तगट जुळतो तो दोघांचाच, माझा आणि पोरीचा. हिच्या भावाचा जुळला नाही, माझ्या बहिणीचा जुळला नाही. पोरीचं नाव काढलं की ही ताट सारून उठते. "तिच्या अंगाला सुरी लागली तर मी परत त्या मशीनकडे फिरकणारसुद्धा नाही. मग करा काय करायचं ते." आणि ही बोलते तसं करते, लग्नाला तीस वर्षं होत आली, मला माहीत आहे. म्हणजे उरलो मी.

आज माझी तपासणी झाली. वजन ठीक, प्रेशर ठीक. मग नर्सबाई टेप घेऊन आल्या. मी म्हटलं, कशाला त्रास घेता, चौतीस आहे. पोरगी पाळण्यात होती तेव्हापासून चौतीस. त्या म्हणाल्या, शर्ट वर करा. बोटांनी शेवटची बरगडी चाचपली, खाली कंबरेचं हाड चाचपलं, दोन्हींच्या मधोमध पेनाने ठिपका दिला आणि टेप थेट पोटाच्या गोळ्यावरून फिरवला. एकोणचाळीस!

"सिस्टर, हे पोट झालं. कंबर खाली आहे."

"ती पॅन्टची कंबर, काका. आम्हाला पोटाची लागते."

हयातभर लोकांची मापं घेतली, आणि कंबर कुठे असते ते आज मला शिकवतायत. अंगाचा तिळपापड झाला. पण गरज आपल्याला, गप्प बसलो.

मग डॉक्टरांनी विचारलं, आजी-आजोबा कुठले? मी म्हटलं, किडनी मी देणार आहे, आजोबा नाही, ते कधीच गेले. हसले. मग म्हणाले, तुमच्या वंशाच्या पुरुषांना कंबर नव्वद सेंटिमीटरच्या आत हवी. म्हणजे साडेपस्तीस इंचांना केसभर कमीच. वर उपाशीपोटीची साखरही काठावर आलीय. घरात कुणाला होती का? वडिलांना होती, पण ते तर काठीसारखे बारीक होते. डॉक्टर म्हणाले, तेच तर. पोट उतरवा, रोज चाला, पाच महिन्यांनी ग्लुकोज पाजून परीक्षा घेऊ. त्यात पास झालात तरच पुढच्या तपासण्या. तोपर्यंत नाही म्हणत नाही, हो पण म्हणत नाही.

११ जानेवारी

बाईंच्या सांगण्याप्रमाणे सगळं खाल्लं. म्हणजे काहीच खाल्लं नाही.

जेवणाच्या सुट्टीत ट्रायलच्या आरशापुढे बाजूने उभा राहिलो. गिऱ्हाइकाला मी नेहमी समोरून उभं करतो, बाजूने कधी करत नाही, कुणाला आवडत नाही ते. आज स्वतःला केलं. हातपाय काड्यांसारखे आणि मध्ये पोट, कुणीतरी शर्टात भोपळा लपवून चाललाय असं. आणि त्या पोटाच्या खाली, अगदी आज्ञाधारक, चौतीसचा पट्टा.

मग लक्षात आलं. स्वतःच्या पॅन्टचा पुढचा भाग मी दरवेळी बोटभर खाली उतरवून कापायचो. बसताना काचू नये म्हणून. पोट पुढे आलं, पॅन्ट खाली गेली, माप तेच राहिलं. कुणाला फसवायला नाही हो, हात आपोआप तसा जायचा. वर गिऱ्हाइकांपुढे मिरवायचो, बघा, या वयात चौतीस.

२ फेब्रुवारी

सकाळी पोरीच्या शाळेच्या मैदानावर फेऱ्या. पोर तिथेच व्यायामाची शिक्षिका आहे, मुलांना पळवायची सवय, मलाही सोडत नाही. "बाबा, हात हलवा. बाबा, पाय ओढू नका." गुडघे बोंबलतात. तिच्या अंगावर मेलं इंचभर मांस जास्त नाही, हरणासारखी पळते.

जेवायला बसलो की आमचं घर बघण्यासारखं असतं. मला खायचं नाही, हिला प्यायचं नाही. हिला दिवसाला मोजकंच पाणी, चहाही त्यातच धरायचा. बर्फाचा एक खडा तोंडात धरून बसते, तो विरघळेपर्यंत बोलत नाही. मी भाताच्या भांड्याकडे बघतो, ही माझ्या पाण्याच्या पेल्याकडे बघते. आज मी पेला उचलून आत नेऊन प्यायलो. आल्यावर म्हणाली, "इथेच प्या. तुम्हाला पिताना बघितलं की मला बरं वाटतं."

१९ फेब्रुवारी

भूक लागते आणि ती मरत नाही. दुपारी कापड कापताना कात्री घसरली, एका खाकी पॅन्टचा पाय वाया गेला. मालकांनी बघितलं, बोलले नाहीत. त्यांना सगळं माहीत आहे. बोलले असते तर बरं झालं असतं.

पोरीच्या कोपराच्या आतल्या बाजूला पट्टी दिसली. विचारलं, तर म्हणाली शाळेत रक्तदान होतं. म्हटलं, अगं, मागच्या महिन्यातही पट्टी होती. म्हणाली, ती दुसऱ्या हातावर होती, खरचटलं होतं. पोरीला या वयात स्वतःची काळजी म्हणून नाही. जरा नीट जेव म्हटलं तर "तुमचं बघा" म्हणाली.

९ मार्च

आज वर्कशॉपात तमाशा झाला.

पहिलवान म्हणजे आमचा इस्त्रीवाला. नाव वेगळं, पण त्याला बघून कुणी दुसऱ्या नावाने हाक मारणार नाही. त्याचे आजोबा कुठल्याशा थंड मुलखातून आले. जन्म इथलाच, बोलतो माझ्यासारखा, शिव्या माझ्यापेक्षा चांगल्या देतो. पण हाडापेराने आडवातिडवा. मी सारखा टेप गुंडाळतो बघून म्हणाला, मास्तर, माझी पण घ्या. घेतली. नर्सबाईंसारखीच, ठिपका देऊन. साडेछत्तीस. मग त्याने माझी घेतली. साडेछत्तीस! दोन महिने उपाशी राहून मी पहिलवानाएवढा झालो. सगळे टाळ्या पिटायला लागले.

मग त्याने खिशातून आरोग्य शिबिरातला त्याचा कागद काढला. त्यावर त्याच्या कंबरेपुढे हिरवा शिक्का. त्याच्या लोकांना चौऱ्याण्णवपर्यंत चालते, ही ब्याण्णवच्या थोडी वर. म्हणजे एकच टेप, एकच माप, तो हिरवा आणि मी लाल. तो बिचारा ओशाळला. "मास्तर, पाहिजे तर माझे दोन इंच घ्या," म्हणाला. हसण्यावारी नेलं, पण डोक्यात तिडीक गेली होती. हा संध्याकाळी मटण चापतो, रोज. मी काकडी.

१४ मार्च

हॉस्पिटल. मापाच्या आधी मी श्वास आत ओढून धरला. सगळी गिऱ्हाइकं हेच करतात. मग मी त्यांना विचारतो, मुलं काय करतात, घर कुठे घेतलं. बोलायला लागले की पोट आपोआप सुटतं, आणि टेप मी तेव्हा ओढतो.

नर्सबाईंनी टेप लावला आणि म्हणाल्या, "काय, मुलगी कशी आहे?"

"बरी आहे, शाळेत—" गेला श्वास. साडेछत्तीसच.

मी हसलो. त्याही हसल्या. म्हणाल्या, "बोलायची तऱ्हा अगदी तुमच्यावर गेलीय हो तिची." मग एकदम गप्प झाल्या आणि वहीत बघायला लागल्या. मला वाटतं दुसऱ्या कुणाशी गल्लत झाली असेल. इतकी माणसं बघायची म्हणजे होतंच.

डॉक्टरांपुढे मात्र मी पहिलवानाचं गाऱ्हाणं मांडलं. म्हटलं, साहेब, हा काय न्याय झाला? कापड तेच, माप तेच, आणि भाव वेगळा? डॉक्टरांनी टेबलाच्या मागून उठून स्वतःचा कोट उघडला. "माझी छत्तीस आहे. तुमच्याच वंशाचा आहे मी. मीही लालच." मग बसून समजावलं. आपल्या लोकांच्या अंगावर मांस कमी, चरबी जास्त. दिसायला बारीक, पण जी काही साठते ती पोटात, आत, यकृताभोवती जाऊन बसते. त्यामुळे साखर आपल्याला कमी वजनातच गाठते, लवकरच्या वयात गाठते. पहिलवानाचे आकडे त्याच्या लोकांवरून काढलेत. पूर्वी तेच सगळ्यांना लावायचे, म्हणून आपली बारीक माणसं हिरवा शिक्का घेऊन घरी जायची.

मला वडील आठवले. काठीसारखे. त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना दरवेळी सांगितलं, तब्येत चांगली आहे, जरा अंगावर मांस चढवा. पाय कापायची वेळ आली तेव्हाही ते बारीकच होते.

हे ऐकल्यावर पहिलवानावरचा राग गेला. पण मग राग काढायचा कुणावर तेही कळेना.

३ एप्रिल

न्हाणीघरात एक मोठा झाकणाचा प्लॅस्टिकचा कॅन दिसला, वर कागद चिकटवून तारीख लिहिलेली. पोरीला विचारलं हे काय. म्हणाली, शाळेत विज्ञानाचा प्रयोग आहे, हात लावू नका. व्यायामाच्या बाई कधीपासून विज्ञान शिकवायला लागल्या? म्हणे, विज्ञानाच्या बाई रजेवर आहेत. शाळावाले गरीब गाय बघून कामाला जुंपतात.

संध्याकाळी घरी आलो तर स्वयंपाकघरात दोघींचं कडाक्याचं वाजलेलं. ही भिंतीला टेकून रडत होती, कॅन पायाशी. मला बघून दोघी चिडीचूप. मी म्हटलं, एका कॅनवरून एवढं? पोर म्हणाली, आईला वास आला. ही म्हणाली, "हो, वास आला." दिवसभर पाण्याविना माणसाचा स्वभाव चिडका होतो. मी मध्ये पडलो नाही, बायकांच्या भांडणात मी पडत नाही.

पोटात दोन बिस्किटं गेली. लिहायला नको होतं, पण लिहिलं.

२१ एप्रिल

काही नाही. दमलो आहे. पाय, डोकं, सगळंच.

६ मे

हिच्या हातातली नस, जिच्यात मशीनच्या सुया घालतात, ती बंद पडत चाललीय. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या हाताला नवी करू, पण तिच्या नसा बारीक आहेत, किती टिकेल सांगता येत नाही. ऑपरेशन या वर्षात झालेलं बरं. म्हणजे यावर्षी मी पास व्हायला हवा. एवढी मोठी परीक्षा मी शाळेतही दिली नाही.

घरी येताना ही म्हणाली, "तुम्ही एवढं जिवाला लावून घेऊ नका." मी म्हटलं, माझं उतरतंय, बघशील. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुम्हीच पास व्हा बाई. तुम्हीच व्हा." असं दोनदा का म्हणाली कोण जाणे. मी सोडून दुसरं आहेच कोण रांगेत?

२७ मे

पस्तीस! ठिपक्यावरून, श्वास सोडून, नर्सबाईंच्या हातून. एकोणनव्वद सेंटिमीटर. पहिलवानाने वर्कशॉपात मला उचलून कापडाच्या गठ्ठ्यावर बसवलं. मालकांनी सगळ्यांना चहा पाजला, माझा बिनसाखरेचा. माझ्या सगळ्या पॅन्टी आता खाली घसरतात. चारही उसवल्या आणि आत घेतल्या, आणि या वेळी पुढचा भाग नीट वर, जिथे असायला हवा तिथे.

घरी ही मोकळेपणाने हसली. पोरीने मला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलीच नाही. म्हटलं, अगं, मी उतरलोय, मोडेन.

११ जून

आज ग्लुकोजची परीक्षा. उपाशीपोटी रक्त घेतलं, मग तो गोड गोड ग्लास. ती दोन बिस्किटं सोडली तर पाच महिन्यांनी जिभेला साखर लागली आणि डोळ्यांत पाणी आलं, इतकी छान लागली. मग बसून राहायचं आणि पुन्हा रक्त द्यायचं. शेजारी एक बाई भावासाठी आल्या होत्या, त्यांनी मला शुभेच्छा दिल्या. मीही दिल्या. आम्ही दोघंही परीक्षेला बसलेल्या पोरांसारखे घाबरलेलो.

१३ जून

नापास.

उपाशीपोटीची साखर चांगली आलीय. पण ग्लास पिऊन झाल्यावर जी उतरायला हवी ती उतरलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हा मधुमेहच आहे, सुरुवातीचा. कंबर उतरवली नसती तर आणखी वाईट असतं. पाच महिन्यांत जे केलंत ते तुमच्या कामाला येईल. मी म्हटलं, माझ्या कामाला कोण विचारतंय? तिच्या कामाला यायला हवं होतं. ते म्हणाले, तुमची एक किडनी काढली तर उरलेल्या किडनीला साखर खाऊन टाकेल. मग दहा-पंधरा वर्षांनी तुम्हाला कोण देणार?

मी हात जोडले. खरोखर जोडले, टेबलावर. म्हटलं, दहा वर्षं पुष्कळ झाली. सही घ्या माझी पाहिजे तिथे. त्यांनी माझे हात धरून खाली ठेवले आणि म्हणाले, "घरी जा. घरच्यांशी बोला. सगळ्यांशी."

वाटेत ठरवलं, हिला सांगायचं, अहवाल अजून यायचाय. काही दिवस तरी जातील. घरात शिरलो तर दोघी समोरासमोर बसलेल्या, आणि माझ्या तोंडाकडे बघून दोघींना कळलं. खोटं बोलायला मी कधी शिकलोच नाही.

पोर म्हणाली, "बाबा, बसा. माझ्या सगळ्या तपासण्या झाल्यात. जानेवारीपासून चालल्या होत्या. मी पास आहे."

त्या पट्ट्या. तो कॅन, दिवसभराची लघवी साठवायचा. नर्सबाईंची गल्लत. मी इतका कसा गाढव? समोर सगळं मांडलेलं होतं आणि मी काकड्या लिहीत बसलो. हिला एप्रिलपासून माहीत होतं. मला सांगू नकोस म्हणून हिनेच तिला बजावलं होतं, म्हणजे मी ढिला पडणार नाही, जिद्द धरीन.

ही उठली. म्हणाली, "मी नाही घेणार. आणि हे पुन्हा या घरात बोलायचं नाही." आत गेली आणि दार लावलं.

१४ जून

आज वर्कशॉपात गेलो नाही. पहिलवान फोनवर रडला. मी नाही रडलो. मला झोप हवीय फक्त.

२ जुलै

ही मशीनवर जाते, येते, झोपते. बोलत नाही. नव्या नसेचा हात सुजलाय.

मी एकटाच डॉक्टरांकडे गेलो. विचारलं, पोरीचं पुढे काय? ती माझी मुलगी, माझ्या वडिलांची नात. बारीक आहे म्हणता, पण बारीक तर तेही होते. ते म्हणाले, तिची साखर, किडनी, कंबर, सगळं पुन्हा पुन्हा तपासलंय. ती तुमच्यापेक्षा खूप चांगल्या अंगाची आहे. जन्मभर सांभाळावं लागेल, बायकांच्या मापाने कंबर ऐंशीच्या आत ठेवावी लागेल, दरवर्षी तपासणी. मी म्हटलं, खात्री द्या. "खात्री मी कुणालाच देत नाही, काका. खोटी देऊन काय करू?"

या माणसावर मला चिडायचं असतं आणि चिडता येत नाही.

माझं मन कुठे आहे तेच मला कळत नाही. बायको जगावी असं वाटतं. पोरीला कुणी हात लावू नये असं वाटतं. दोन्ही एकदम वाटतं, त्याच मिनिटाला. दुसऱ्या कुणाशी हे बोलायची सोय नाही म्हणून इथे लिहिलं.

१० जुलै

आज तिघंही घरी. पोरीने जेवणं झाल्यावर आईची खुर्ची धरली, उठू दिलं नाही.

"आई, तू नाही म्हणतेस ते माझ्यासाठी ना? मग माझं ऐक. बाबांना साखर झालीय. उद्या त्यांचे डोळे, त्यांचे पाय, काय काय होईल. औषधं कोण बघणार? त्यांना बिस्किटं खाताना कोण पकडणार? मी त्यांच्याच रक्ताची आहे, मलाही सांभाळावं लागणार. तू नसलीस तर हे सगळं माझ्या एकटीवर येणार. मला एक किडनी कमी चालेल, आई. मला हे एकटीला नाही जमणार."

आणि मग ती रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, नाक पुसायचंही भान नाही. पोर सव्वीस वर्षांची, शाळेतल्या दांडगट पोरांना शिट्टीवर नाचवणारी.

ही मग माझ्याकडे वळली. "तुम्ही बिस्किटं खाता?"

"एकदाच. दोन."

"डबा आणा इकडे."

मी डबा आणला. हिने तो उघडला, सगळी बिस्किटं पोरीच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "खा. अंगात रक्त पाहिजे तुझ्या." मग ओढणीने तिचं नाक पुसलं. हो असं ती म्हणालीच नाही, पण आम्हाला कळलं.

४ सप्टेंबर

हॉस्पिटलातून लिहितोय. वही आहाराची आहे, पण सकाळपासून पोटात काही नाही.

सकाळी दोघींना एकाच वेळी नेलं, दोन गाड्यांवरून. पोर पडल्या पडल्या मला म्हणाली, हात हलवा बाबा, पाय ओढू नका. हिने माझा हात धरून ठेवला होता तो पोरीच्या गाडीकडे वळवला, तिच्या हातात दिला, वर स्वतःचा ठेवला आणि मग डोळे मिटले. दारापर्यंत आम्ही तिघं असे एकमेकांना धरूनच गेलो. मग मलाच सोडावं लागलं.

बाहेर बाकावर बसलो. पहिलवान आला होता, मालकांनी त्याला सुट्टी दिली. माझ्या शेजारी बसून त्याने एकदाही तोंड उघडलं नाही. हा माणूस गप्प बसू शकतो हे मला आज कळलं.

एक परिचारिका आल्या, अनोळखी, तरुण. नेहमीच्या नर्सबाई आज नव्हत्या. हातात दोन कागद. एकावर हिचं नाव, एकावर पोरीचं.

"यांच्यासोबत कोण आहे?"

मी उभा राहिलो.

"आणि यांच्यासोबत?"

मी उभाच होतो. म्हटलं, मीच.

त्यांनी कागदांकडे बघितलं, आडनावं बघितली, मग माझ्याकडे बघितलं. आवाज एकदम खाली आला. "आधी कुणाचं सांगू, काका?"

मला नाव घेता येईना. एकीचं घेतलं तर दुसरी मागे राहते. पहिलवानाने माझा दंड धरला. त्या तरुण नर्सलाही कळलं असणार, कारण तिने दोन्ही कागद छातीशी एकत्र धरले आणि एका दमात म्हणाली, "दोघी बऱ्या आहेत."

मी खाली बसलो, बाक कुठे आहे तेही न बघता.

पोर आधी शुद्धीवर आली. घसा कोरडा, आवाज फुटत नव्हता, तरी विचारलं, "आई?" म्हटलं, बरी आहे. मग पलीकडच्या खोलीत हिच्याकडे गेलो. हिने डोळे उघडून विचारलं, "पोर?" म्हटलं, बरी आहे. मधल्या बोळातून मी अशा चार-पाच खेपा घातल्या, याच दोन शब्दांचे निरोप इकडून तिकडे नेत. पहिलवान म्हणाला, मास्तर, आता बसा जरा, थकला असाल. मी म्हटलं, अजिबात नाही.

मग नर्स म्हणाल्या, हिच्या पिशवीत लघवी उतरायला लागलीय, नव्या किडनीची. हिला हळूहळू पाणी द्यायला हरकत नाही. माझ्याच हातात पेला दिला. हिने पहिला घोट घेतला, मग दुसरा, आणि मी तिला पिताना बघत उभा राहिलो.